दुसऱ्या धक्क्याची वेळ

सुटीत घरी आलेल्या पाहुण्यांना काहीतरी दाखवावे लागते. तलाव आटला होता, बाग दुरुस्तीसाठी बंद होती. म्हणून पुतणीने काका-काकूंना भूकंपमापन केंद्र दाखवायला नेले. स्थापनेपासून केंद्रात एकाही भूकंपाची नोंद नव्हती. त्यामुळे ते बंद करण्याचा आदेश निघाला होता आणि खुद्द संचालक पाहुण्यांना फिरवण्याइतके मोकळे होते.

तळघरातल्या यंत्राची धूळ काकांच्या नाकात गेली. घरी काकांचे नाक हुळहुळले की काकू आधी बरण्या धरतात. इथे धरण्यासारखे काही नव्हते. काका शिंकले आणि यंत्राची सुई कागद सोडून बाहेर गेली.

"सौम्य धक्का!" संचालक ओरडले आणि बातमी देऊन मोकळे झाले.

"अहो साहेब, शिंकले ते!" पुतणी म्हणाली.

संचालकांच्या कानाला तोवर फोन लागला होता. "शहरातून फोन येताहेत. एकाचा पलंग हलला. एका बाईंचा नवरा चक्क उठून बसला. जनता खोटं बोलते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

काकांना तसे काहीच म्हणायचे नव्हते. त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची होती.

पण एका धक्क्यामागून दुसरा येतो, असे शास्त्र आहे. तो आला नाही तर वरिष्ठांना संशय येणार. 'दुपारी चार वाजता दुसरा धक्का अपेक्षित' असे जाहीर करून संचालकांनी तळघराला आतून कुलूप लावले आणि काकांपुढे तपकिरीची डबी ठेवली.

चार वाजले. काकांनी तपकीर ओढली, दिव्याकडे टक लावून पाहिले. काकूंनी रुमालाची वळी करून त्यांच्या नाकात फिरवली. शिंक हटून बसली.

"जन्मभर नको तिथे शिंकलात," काकू कडाडल्या, "आणि आज चारचौघांत मान खाली घालायला लावताय!"

"अगं, मागून येते का ती?"

तेवढ्यात फोन वाजला. मग केंद्रातले सगळेच फोन वाजू लागले. ऐकता ऐकता संचालकांचा चेहरा उजळला. त्यांनी कुलूप काढले.

"निघा काका, गाडी मिळेल. केंद्र वाचलं."

"पण मी शिंकलोच नाही!"

"आता गरज नाही. यंत्रही उद्या भंगारात देतोय."

केंद्र आजही सुरू आहे. त्या दुपारी चारच्या धक्क्याचा पहिला फोन तुमचाच होता. कपाटातल्या कपबश्या खणखणल्या म्हणालात. पुढचा धक्का गुरुवारी आहे. कृपा करून बाहेरगावी जाऊ नका.