जुनी आई काढून टाक

दाराआडून कोणाचं बोलणं ऐकायचं नाही, हा माझा जन्माचा नियम. (ऐकायचंच असेल तर समोर जाऊन उभं राहावं, म्हणजे बोलणाराही नीट बोलतो.) पण त्या दिवशी गुडघा ठणकत होता, म्हणून म्हटलं आत कशाला जा, स्वयंपाकघराच्या दाराशीच जरा टेकू. एवढ्याशा आळसाने पुढचं सगळं रामायण घडवलं.

आत मुलगा फोनवर होता. सून कामासाठी महिनाभर परगावी गेली होती. ती डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढते, आणि तिची स्वतःची नजर परगावाहूनही आमच्या ओट्यापर्यंत पोचते. फोन स्पीकरवर होता.

"आईला ऊन लागू देऊ नकोस हं," सून म्हणाली.

माझं मन भरून आलं. उगीच बोलते मी या पोरीला.

"आणि सारखी हलवू नकोस. तिला एका जागी शांत राहू दे."

खरंच गुणाची हो!

"गरम चहा चुकूनही देऊ नकोस. मरेल ती."

आता मी कान टवकारले.

"तोंडावर फडकं बांधलंस ना?"

"बांधलंय. वरून रबरही लावलंय."

(मी तोंड चाचपून पाहिलं. अजून मोकळंच होतं.)

"आणि हे बघ, नवी आई आता छान धरलीये. जुनी आई काढून टाक. नुसती जागा अडवते."

"कुठे टाकू?"

"कचऱ्यात! कुठे म्हणजे काय?"

मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाचायला शिकले दुकानांच्या पाट्यांवरून. शिवणयंत्राची दुरुस्ती शिकले ती एक यंत्र खोलून, त्याच्यापुढे रडून आणि पुन्हा जोडून. त्या यंत्रावर हा मुलगा मोठा झाला. आणि मी कचऱ्यात? गुडघा विसरून मी दार ढकललं.

"नवी आई कुठून आणलीत?"

मुलाच्या हातून फोन निसटता निसटता राहिला. "मूळची हिच्या मैत्रिणीने दिली."

"आता मैत्रिणी आया वाटायला लागल्या?"

"अगं, बरणीत आहे ती!"

"आई, गैरसमज झाला हो!" फोनमधून सून ओरडली.

मुलाने कपाटातून काचेची मोठी बरणी काढली. "हा कोंबुचा. साखर घातलेला काळा चहा थंड करून आंबवायचा. वर तरंगतेय ना, ती आंबवते त्याला. इंग्रजीत तिला मदर म्हणतात, म्हणून आम्ही आई म्हणतो."

मी फडकं सोडलं आणि बोलायचीच थांबले. (मुलगा घाबरला. मी बोलायची थांबते तेव्हा डॉक्टर बोलवायचा, असा आमच्याकडे समज आहे.)

चहावर एक फिकट, गुळगुळीत चकती पसरली होती. तिला डोळे नाहीत, हात नाहीत, टेप नाही. आणि कड अशी काचेला चपखल बसलेली! मी जन्मभर मापं घेतली, तरी माझ्या बाहीत कुठेतरी सुरकुती राहायचीच. हिने कात्री न लावता बरणीच्या मापाचं झाकण स्वतःच विणलं होतं.

"बरणी चौकोनी असती तर?"

"चौकोनी झाली असती."

"हिला शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. आपली आपण."

म्हणजे माझ्याच जातकुळीतली. आणि तिच्या पोटाखाली, काळपट पडलेली, कडेने विरलेली जुनी आई. मुलाने लाकडी चमचा पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं.

"हिला दुसरी बरणी दे. हिने पुन्हा नवी धरून दाखवली, तर या घरात जुन्याला टाकाऊ म्हणायचं नाही."

"आणि नाही धरली तर?"

"तर बाथरूमचे नळ मी घासीन." (त्या नळांवरच्या पांढऱ्या डागांवरून आम्हा सासू-सुनेची जुनी लढाई आहे.)

गोड चहा केला, पार निवू दिला, पहिल्या बरणीतलं थोडं आंबट पाणी ओतलं, जुन्या बाईला अलगद सोडलं. ती सरळ तळाला गेली. दोन दिवस काही नाही. मग एका सकाळी चहावर नुसतं धुकं. मग दुधावर धरते तशी साय. मग सायीची चकती, पुन्हा तशीच, काठोकाठ! तळाशी निपचित पडून म्हातारीने वर नवी घडवली होती. मी खुर्ची ओढून बघत बसायची. जन्मात कोणापुढे वाकले नाही. त्या बरणीपुढे रोज वाकत होते. तिला त्रास नको म्हणून चहाही काढू दिला नाही कोणाला.

सून परतली ती थेट जुनीच्या बरणीकडे. एक घोट घेतला आणि तिचे डोळेच मिटले.

"बाप रे, आई किती आंबट झालीये!"

"पहिल्यापासूनच आहे," मुलगा म्हणाला.

"बरणीतली रे!" मग तिने चकतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आई, जुनीने खरंच धरली हो! चुकलंच माझं."

"मग टाकायची?"

"मुळीच नाही! चहाचं व्हिनेगर झालंय. नळांवरचे डाग काय सुंदर निघतील!"

म्हणजे मी जिंकले. पण म्हातारीचं ते आंबट पाणी दुसऱ्या कोणी सांडलं असतं तर? माझा जीव होईना. तेव्हा पैज जिंकूनसुद्धा नळ मीच घासले.

आता ते आरशासारखे चमकतात. परवा सून फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, आमच्या जुन्या आईची कमाल आहे!"

दाराआडून ऐकायचं नाही, हा माझा नियम. पण कुठल्या आईची, हे समोर जाऊन विचारायचं काही मला धाडस झालं नाही.