नळ आणि सून एकाच महिन्यात

एका जंगलात घरोघरी नळ होते. हसता काय, बाळांनो? सुधारलेलं जंगल होतं ते. वाघ गेले होते आणि कमिट्या आल्या होत्या.

पूर्वी तिथले प्राणी टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणत. मग अध्यक्ष गवेसाहेबांनी चुनखडीच्या टेकडीत बोअर मारली, ढोलीढोलीत नळ दिला आणि प्रत्येक नळावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी ठोकली. त्याच महिन्यात खारींच्या घरात शेवंती नावाची सून आली.

आणि त्याच महिन्यात त्या घरात डाळ शिजेनाशी झाली.

आता बाळांनो, डोकं चालवा. घरात दोन गोष्टी नव्या. एकीवर अध्यक्षांच्या नावाची पाटी, दुसरीवर कुणाचीच नाही. दोष कुणाचा?

शाब्बास. तुम्ही मोठेपणी कमिटीवर जाणार.

पहिल्या दिवशी शेवंतीने डाळ चुलीवर ठेवली. पाणी आटलं, पुन्हा घातलं. पुन्हा आटलं. लाकडं संपत आली. शेवटी वाढली, तर डाळ ताटात टणटण वाजली.

"हे वरण आहे की खुळखुळा?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, केव्हापासून शिजतेय हो."

"माहेरी डाळ शिजवायचात, की नुसती ओवाळून ठेवायचात?"

शेवंती गप्प बसली. गप्प बसणाऱ्याला एक फायदा असतो, त्याला दिसत राहतं. साबणाचा फेस होत नव्हता, नासक्या दुधासारख्या गुठळ्या होत होत्या. हंड्याला आतून पांढरा थर धरला होता. ज्या झुपकेदार शेपटीवर भाळून हे स्थळ आलं होतं, तिची केरसुणी झाली होती. शेजारच्या सायाळकाकू आंघोळीला बसल्या की त्यांचे काटे मोरीत गळत, आणि काकू ते वयावर ढकलत.

"अहो, पाणी जड आहे," तिने नवऱ्याला सांगितलं.

नवरा दिगंबर नळखात्यातच कामाला होता. त्याने आधी नळाकडे पाहिलं, पाटी ऐकत असल्यासारखं. "हळू बोल. माझी नोकरी अजून कच्ची आहे."

"डाळही कच्चीच आहे."

"डाळीवर घर चालतं का?"

पौर्णिमेला गवेसाहेब जेवायला येणार होते. जेवण पसंत पडलं की नोकरी पक्की, असा त्या जंगलातला नियम होता. सासूबाईंनी शेवंतीला बाजूला घेतलं. "त्या दिवशी डाळ वाजली, तर सरळ माहेरी जायचं. शिकलीस की ये."

कधी शिकलीस असं म्हणायचं, ते सासूबाई ठरवणार होत्या. शेवंतीने मनातल्या मनात पेटी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाळवण घालत होती, तर टेकडीवरून एक गाढव उतरताना दिसलं. दोन्ही बाजूंना घागरी, त्यांतून पाणी डुचमळत होतं.

"कुठे, गाढवभाऊ?"

"साहेबांकडे. झऱ्याचं आहे. साहेबांना नळाचं बाधतं."

"असं होय," शेवंती म्हणाली आणि पेटी भरायची थांबली.

पौर्णिमेची पंगत बसली. शेजारपाजार आला. गवेसाहेबांबरोबर बगळेसरही आले. जन्मभर पाण्यात उभे राहिल्यामुळे ते जलतज्ज्ञ झाले होते. शेवंतीने प्रत्येकाच्या ताटात दोन वाट्या ठेवल्या. एकीतली डाळ वाजली. दुसरीतली लोण्यासारखी भातात उतरली.

"ही नळाच्या पाण्यातली, ही झऱ्याच्या," ती हळूच म्हणाली. "डाळ तीच, चूल तीच, हातही तोच."

शेवंतीने गवेसाहेबांसमोर नळाच्या पाण्याचा पेला ठेवला. "घ्या ना साहेब. आपलंच आहे."

साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. "आज माझा उपास आहे."

त्यांच्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढलेला होता.

"पाण्याचा का?" शेवंतीने विचारलं. सासूबाईंनी तिला असा चिमटा काढला की प्रश्न तिथेच मिटला.

बगळेसरांनी पेला उजेडात धरला. "खनिजं आहेत. अत्यंत पौष्टिक. असलं पाणी डाळीवर वाया घालवू नये." एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या वाटीतलं वरण आणखी मागितलं.

गवेसाहेबांनी ओठांवरचं वरण चाटलं आणि निकाल दिला. "यावरून एकच सिद्ध होतं. सूनबाईंना डाळ शिजवता येते. मग इतके दिवस का नाही शिजवली?"

सगळी पंगत शेवंतीकडे वळली.

"आळस!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला. अध्यक्षांच्या तोंडून आपलंच म्हणणं ऐकायला कुणाला आवडत नाही?

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं. दिगंबरने ताटातल्या चटणीकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याची नोकरी त्या मानेवरच पक्की झाली.

डाळ शिजली होती, त्यामुळे शेवंतीला माहेरी धाडता येईना. ती राहिली. रोज उजाडता उजाडता टेकडी चढून झऱ्याचं पाणी आणू लागली. हळूहळू बाकीच्या सुनाही तिच्या मागोमाग चढू लागल्या. घरोघरी डाळ मऊ झाली. गवेसाहेबांनी जाहीर केलं की नळयोजना यशस्वी झाली, आणि पाणीपट्टी वाढवली.

नळ मात्र ठिबकत राहिले. ठिबकता ठिबकता पाट्यांवर पांढरा थर चढला आणि साहेबांचं नाव दिसेना. लगेच हुकूम निघाला, सुनांनी रोज चिंचेने पाटी घासावी. सगळ्या घासू लागल्या. शेवंतीने चिंच आमटीला वापरली.

पुढे सायाळकाकूंकडे नवी सून आली. तिसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून टणटण ऐकू आली, आणि पाठोपाठ काकूंचा आवाज, "तुझ्या आईने शिकवलं तरी काय?"

शेवंतीने कुंपणावरून एक रिकामी घागर पलीकडे दिली.

"उद्या उजाडताना टेकडीच्या पायथ्याशी ये," ती म्हणाली. "आणि कुणी विचारलं तर सांग, नळाचंच आहे."

तात्पर्य : बाळांनो, डाळ शिजत नसेल तर पाणी तपासत बसू नये, सून तपासावी. पाणी तपासायला यंत्र लागतं. सून तपासायला शेजारपाजार पुरतो.