मावशी मेनूकार्ड उजवीकडून वाचते

माझी कमलमावशी मेनूकार्ड उजवीकडून वाचते. आधी भाव, मग पदार्थ. डावीकडची नावं ती तळहातानं झाकते, उजवीकडचा आकडा बघते आणि एवढ्यात काय येत असेल याचा अंदाज बांधते. "एकशे साठ? शेवभाजी असंल." हात काढला की शेवभाजीच निघते. लातूरमधलं एखादंच हॉटेल असेल जिथं तिचा अंदाज चुकलाय.

लोकांना वाटतं बाई चिकट आहे. तसं अजिबात नाही. महाग आहे अशी तक्रार मी तिच्या तोंडून कधी ऐकली नाही. तिचा प्रश्न एकच असतो, "एवढं कशाचं?" आणि तो टोमणा नसतो, तिला खरोखरच उत्तर हवं असतं. एकदा ती नांदेडला माझ्याकडे आली होती. तिला आईस्क्रीमच्या नव्या दुकानात नेलं, तर मालकाजवळ अर्धा तास बसून तिनं दूध, वीज, भाडं, नोकरांचा पगार सगळं विचारून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "लई कमी भाव लावलाय त्यानं. आणखी दहा रुपये वाढव म्हणलं."

मावशीला हे कळतं, कारण तिनं एकतीस वर्षं खाणावळ चालवली. काका लवकर गेले. लातूरला ट्यूशनसाठी येणाऱ्या पोरांचे डबे तिनं सुरू केले. निलंग्याची, शिरूर अनंतपाळची, पार धर्माबादची पोरं तिच्याकडे जेवून डॉक्टर-इंजिनियर झाली. तिचा स्वतःचा प्रशांतही त्याच पंगतीत बसून शिकला आणि दुबईला गेला. गेल्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा तिनं खाणावळ बंद केली.

मग प्रशांतनं ठरवलं की आईला कुठंतरी भारी ठिकाणी न्यायचं. त्यानं मालदीवच्या एका बेटावरच्या हॉटेलात चार दिवसांचं बुकिंग केलं. तो दुबईहून परस्पर तिथं येणार, असं ठरलं. जायच्या आठवडाभर आधी त्याचा मला फोन आला. "ताई, सुट्टी रद्द झाली. तुझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी हाय ना? तू जा आईसोबत. आणि तिथं बिल बघू नका, मी बघतो."

मावशीला सांगितलं तर म्हणाली, "कामाचं असंल त्याचं." एवढंच. आणि बॅगेत चटणीची बरणी ठेवली.

बेटावर उतरलो आणि पहिल्याच जेवणाला मावशीनं कार्डावर हात ठेवला. आकडे डॉलरमध्ये होते. मी रुपये करून कानात सांगत होते. एक आकडा होता बारा. "हजार रुपये?" मावशी विचारात पडली. "दोघींचं जेवण असंल. मधी गोडबी असंल." हात काढला. शहाळं होतं.

मावशीनं मान वर केली. आमच्या चारही बाजूंना नारळाची झाडं होती. एका झाडाला तर मी पर्स टेकवून ठेवली होती.

वेटरचं नाव शफीक. चाळिशीचा, बांगलादेशचा, हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला. मावशीनं त्याला तिच्या लातुरी हिंदीत विचारलं, "भैया, ये नारल इत्ता कायका?"

शफीक आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "माँजी, ये पेड़ दिखाने का है. पीने का बाहर से आता है, बोट में."

माझी तर भूकच मेली. मी त्या दिवसापासून कार्डावरचं सगळ्यात स्वस्त सूप मागवू लागले आणि खोलीत येऊन मावशीची चटणी ब्रेडला लावून खाऊ लागले. मावशीची मात्र भूक वाढली, म्हणजे माहितीची. हजार रुपयांचं शहाळं हे तिच्या दृष्टीनं एका पोराचं दहा दिवसांचं दोन वेळचं जेवण. त्यात एवढं काय आहे ते कळल्याशिवाय तिला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती खोलीत नव्हती. शोधत शोधत धक्क्यावर गेले. तिथं सामानाची बोट लागली होती. माणसं पोती आणि खोकी उतरवत होती आणि मावशी नेसत्या इरकलीत एका कांद्याच्या पोत्याशेजारी उभी होती. समोर पांढरा कोट घातलेला एक उंच माणूस. हा तिथला मुख्य आचारी, नेगी, गढवालचा.

"काय करूलालीस गं हितं?" मी विचारलं. तिच्याजवळ उभं राहिलं की माझ्याही तोंडात लातूर येतं.

"माल बघूलाले," मावशी म्हणाली. मग तिनं एक कांदा उचलला, बुडाशी अंगठा दाबला आणि नेगींना म्हणाली, "ये बोरा आजच निकालो. कल तक नै टिकता."

नेगींनी कांदा चिरला. आतून काळा. त्यांनी मावशीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "माताजी, आप क्या करती थीं?"

"पकाती थी," मावशी म्हणाली.

पुढचे दोन दिवस आमच्या सहलीचं चित्र असं होतं की लोक निळ्या पाण्यात मासे बघत होते आणि मावशी मुदपाकखान्यात. तिनं बर्फाचं कोठार पाहिलं, डिझेलवर चालणारी वीज पाहिली, समुद्राचं पाणी गोड करायचं यंत्र पाहिलं. कोथिंबीर विमानानं येते हे कळल्यावर तिनं एका काडीचा बराच वेळ वास घेतला. रोज दुपारी मला अहवाल मिळायचा. शेवटी तिनं निकाल दिला, "भाव बरोबर हाय, संगे. तू उगं सूप पिऊन राहिलीस."

चौथ्या दिवशी सकाळी नेगी आमच्या टेबलाशी आले. रात्रीचं खास जेवण प्रशांतनं आधीच सांगून ठेवलेलं होतं, सात पदार्थांचं, एकामागून एक येणारं. नेगी म्हणाले, "माताजी, वो सात मैं अपने हिसाब से नहीं बनाऊँगा. आपको जो पसंद है वो बनाऊँगा. दोपहर तक बता दीजिए."

मावशी खूश झाली. "हाव, सांगते की," म्हणाली.

आम्ही दोघी वाळूतल्या खुर्च्यांवर बसलो. मी वही काढली. मावशी सांगू लागली. "पुरणपोळी लिही." मी लिहिली. "न्हाई, थांब. ती प्रशांतला आवडती. खोड ती. शेंगाचं आमटं... ते तुझ्या काकाला. अंडाकरी पोरांना, रविवारची. धपाटे तुझ्या आईला." प्रत्येक नाव ती घ्यायची आणि त्यामागून एक माणूस निघायचा. पान भरलं आणि सगळं खोडलेलं होतं.

"तुझं सांग, मावशी."

"तेच सांगूलाले की." तिनं वही माझ्याकडून घेऊन खोडलेलं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "प्रशांतला फोन लाव."

फोन लागला. मावशीनं कसा आहेस वगैरे काही विचारलं नाही. "अरे, मला काय आवडतं रं?"

"म्हणजे?" प्रशांत म्हणाला. "खायला? आई, तुला सगळंच आवडतं."

"न्हाई, पण इशेष करून?"

मागे त्याच्या ऑफिसचा आवाज ऐकू येत होता. "आई," तो म्हणाला, "तू जेवताना मी बघितलंच न्हाई कधी. तू आमचं झाल्यावर बसायचीस."

"बरं बरं. कामात असशील. ठेव," असं म्हणून मावशीनं फोन माझ्याकडे दिला. पलीकडून तो काहीतरी बोलत होता. "ताई, मी यायला पायजे होतं गं," म्हणाला. मी हो म्हणाले.

दुपारी मावशी स्वतः नेगींकडे गेली. मी मागे होते. ती शाळेत उत्तर न आलेल्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी राहिली. "साब, मेरेको मालूमच नै," म्हणाली. "उरेल सो खाती थी. वो सबच अच्छा लगता था."

नेगी हसले नाहीत. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "तो आज ढूँढ लेते हैं," म्हणाले.

संध्याकाळी पाण्याच्या कडेला आमचं टेबल मांडलं होतं. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. एरवी सात ताटल्या येतात, त्या दिवशी वीसेक आल्या, प्रत्येकीत दोन घास. शफीक नाव सांगायचा आणि बाजूला उभा राहायचा. मावशीनं भाजलेल्या भोपळ्याला "ठीक" म्हटलं. चीजला "हे कुणाला तरी आवडत असंल" म्हटलं. लसणाच्या सॉसचा घास घेऊन ती थांबली, पुन्हा एक घेतला, आणि माझ्याकडे वळली.

"संगे, मला लसूण आवडत न्हाई गं."

"काय सांगतेस?"

"खरंच न्हाई आवडत. एकतीस वर्षं किलोनं सोलला की मी." आणि ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचं परदेशी जोडपंही हसायला लागलं.

मग शफीकनं एक जांभळं, सुरकुतलेलं फळ अर्धं कापून आणलं. आत पिवळा गर आणि काळ्या बिया. पॅशन फ्रूट म्हणतात त्याला. मावशीनं साशंक होऊन चमचाभर गर तोंडात घातला. तिचे डोळे आंबटपणानं गच्च मिटले. मिटलेलेच राहिले. तिनं बिया दाताखाली हळूहळू फोडल्या.

"हे," ती म्हणाली.

तिनं साल पार कोरून काढली. शफीककडे पाहून म्हणाली, "और दो." त्यानं आणखी दोन फळं आणली. ती खुर्चीत मागं टेकून बसली, ताटली मांडीवर घेतली आणि एकेक चमचा सावकाश खाऊ लागली. तिला कुठं जायचं नव्हतं, कुणाला वाढायचं नव्हतं.

इतकं काय आहे त्यात, म्हणून मी चमचा पुढं केला.

मावशीनं ताटली पलीकडं सरकवली.

"तुझं तू मागव," म्हणाली.