मोरांशी आश्विनात, मगरींशी पौषात

एका जंगलात श्रावण वद्य द्वितीयेच्या सकाळी रिमझिम पाऊस होता. वारा पश्चिमेचा. नऊच्या सुमारास थोडं ऊन पडलं आणि लगेच गेलं. अशा दिवशी शहाण्या प्राण्यानं बिळातच बसावं. पण त्या सकाळी काटे सरांना प्राचार्यांनी बोलावलं होतं.

बाळांनो, काटे सर म्हणजे साळिंदर. ओढ्याकाठच्या मुंगसांच्या कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते. आता तुम्ही विचाराल, जंगलात कॉलेज कसं? अरे, जंगलात कॉलेजं फार. प्रत्येक टेकडीला एक. आणि प्रत्येक कॉलेजाचा बास्केटबॉलचा संघ. सुगरणीनं विणलेली टोपली झाडाला टांगायची आणि त्यात कवठ टाकायचं. टोपलीत गेलं की दोन गुण. दोन्हीकडून पाच-पाच खेळाडू. एवढा सोपा खेळ.

प्राचार्य मुसळे हे रानडुक्कर होते. ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते. मैदानाची माती काळी, भुसभुशीत होती.

"काटे, या मातीत रताळी काय येतील हो."

"मैदान आहे ते, सर."

"मैदान कशासाठी? महामेळ्याचं आमंत्रण कधी आलंय आपल्याला?"

आमंत्रण कधीच आलं नव्हतं.

"यंदाही नाही आलं, तर चैत्रात मी नांगर घालतो," मुसळे म्हणाले. "माझा स्वतःचा नांगर आहे." आणि त्यांनी नाकपुड्या फेंदारल्या.

महामेळा म्हणजे साऱ्या जंगलातल्या निवडक सोळा संघांची स्पर्धा. आपल्या पंचक्रोशीची साखळी जिंकली की तिथं थेट प्रवेश मिळे. उरलेल्या जागा घुबडांची समिती भरत असे. साखळी माघात सुरू व्हायची. त्याआधी प्रत्येक कॉलेजानं आठ मोकळे सामने खेळायचे. ते कुणाशी खेळायचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि बाळांनो, सगळी गोम तिथंच होती.

दोन वर्षांपूर्वी काटे सरांनी गोगलगायी, बेडूक, गांडुळं असे आठ प्रतिस्पर्धी निवडले होते. आठही सामने जिंकले. घुबडांच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "गोगलगायीला हरवणं म्हणजे सामना नव्हे, प्रदक्षिणा." आमंत्रण नाही.

मागच्या वर्षी सरांनी वाघ, गवे, बिबटे असे आठ निवडले. आठही सामने हरले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "हरायला काय, कुणालाही येतं." आमंत्रण नाही.

काटे सर चिकाटीचे होते. त्यांनी आपल्याच पाठीचा एक काटा उपटला, जांभळाच्या रसात बुडवला आणि पळसाच्या पानावर समितीचा नियम नीट लिहून काढला. तुम्ही कुणाला हरवलं, आणि त्यानं पुढं वर्षभरात किती जणांना हरवलं, यावरून संघाचा दर्जांक ठरत असे. तुम्ही हरवलं तेव्हा तो कसा होता, हे नियमात कुठंच नव्हतं.

सरांनी ते पान तीनदा वाचलं. मग दुसरा काटा उपटला.

त्या दिवसापासून ते रोज एकेका कॉलेजाच्या मैदानाजवळ जाऊन झुडपात बसू लागले. कोण कधी जेवतं, कोण कधी झोपतं, कुणाला थंडी बाधते, कुणाला ऊन, सगळं लिहून घेऊ लागले. आश्विन लागेपर्यंत त्यांच्याकडं एकशे बारा पानं झाली. पाठ मात्र थोडी विरळ झाली.

संघाची कप्तान होती तांबी. शेवटच्या वर्षाला होती. ती रोज मैदानावर उभी राहून सरांची वाट बघायची.

"सर, सराव घ्या ना. माझं कवठ दहातून तीनदाच टोपलीत जातं."

"तीन पुरेत," सर पानं चाळत म्हणाले. "मोर दोनदाच टाकणार आहेत."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"आश्विन आहे, तांबी. मोरांची पिसं झडलीत."

त्या जंगलात एक जुना रिवाज होता. जो दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला जाई, त्यानं सामन्याची वेळ ठरवायची. चालायचे कष्ट ज्याचे, वेळ त्याची. मोठ्या कॉलेजांना घरी खेळायला आवडायचं. आपलं मैदान, आपले प्रेक्षक, आपला जयजयकार. म्हणून काटे सरांनी आठही जणांना नम्र पत्रं पाठवली. "आम्ही आपल्या दारी येऊ. आपण मोठे, आम्ही लहान. वेळ तेवढी आम्ही कळवू." मोठी कॉलेजं खूश झाली. मुंगसांना हरवायला वेळ ती कसली बघायची?

पहिला सामना मोरांशी झाला. आश्विन शुद्ध दशमी, भरदुपार. शेपट्यांविना मोर फार लाजत होते. प्रेक्षकांकडं पाठ करायची नाही, असं ठरवून पाचही जण मैदानाच्या कडेच्या बांधाला पाठ टेकून उभे राहिले. कवठ जवळ आलं तरच टोपलीत टाकायचे. दोनदा जवळ आलं. मुंगूस सहा, मोर चार.

दुसरा सामना वटवाघळांशी. कार्तिकात, भर बारा वाजता, उघड्या माळावर. वटवाघळांचे प्रशिक्षक फांदीला उलटे लटकले होते. डोळ्यांवर पंख घेऊन ते म्हणाले, "अहो काटे, संध्याकाळी ठेवला असता तर?"

"संध्याकाळी मुलांचा अभ्यास असतो," काटे सर म्हणाले.

अजगरांशी सामना होता मार्गशीर्षात. त्यांनी सांबर गिळल्याला तिसरा दिवस होता. त्यांतले चार जण जागचे हलले नाहीत. पाचवा झोपेतच हलला, पण त्याला कुणी उठवलं असतं तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला. अस्वलांशी सामना झाला, तो ती मधाची पोळी काढून आल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोंडं सुजलेली, डोळे मिटलेले. कवठ समजून त्यांनी दोनदा आपल्याच पंचाला टोपलीत कोंबलं. मगरींशी सामना पौषात, पहाटे, दव पडलेलं असताना. मगरी जबडे उघडे टाकून पडल्या होत्या. गारठ्यानं त्यांना ते मिटताही येईनात. मुंगसं त्यांच्यावरून पळाली.

उरलेले तीन सामनेही असेच झाले. आठ खेळले, आठ जिंकले.

आणि गंमत बघा. माघात मोरांना पिसं फुटली, आणि ते समोर येईल त्याला हरवू लागले. वटवाघळांनी संध्याकाळचे सगळे सामने जिंकले. अजगरांचं जेवण पचलं. मगरी उन्हात आल्या. ते जसजसे जिंकत गेले, तसतसा ओढ्याकाठचा दर्जांक वर चढत गेला. घुबडं हिशोब करता करता चकित झाली. "या मुंगसांनी कुणाकुणाला हरवलंय, बघा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आणि तेही परक्या मैदानावर."

मुसळे सरांनी काटे सरांना बोलावून अर्धं रताळं दिलं. रताळं त्यांचं आवडतं होतं, म्हणून अर्धं.

एकटी तांबी खूश नव्हती.

"सर, एक विचारू? आपण जिंकलो, की ते हरले?"

"फळ्यावर एकच लिहिलं जातं."

"तसं नाही. समोर कुणी जागा असेल, तर आपण काय करतो, हे मला अजून माहीतच नाही."

"साखळी आहे ना आता. कळेल," सर म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी एकही पान लिहिलं नाही.

साखळीच्या तारखा पंचक्रोशीची सभा ठरवत असे. त्यात कुणाचं काही चालत नसे. ओढ्याकाठच्या मुंगसांनी रखडत-रखडत अंतिम सामना गाठला. समोर खारी होत्या. त्या टीचभर खारींनी वर्षभर दुसरं काही केलं नव्हतं, फक्त कवठ टोपलीत टाकलं होतं. रोज दोनशे वेळा. पाऊस असो, ऊन असो. खारी बत्तीस, मुंगूस बावीस.

काटे सर घरी आले आणि कोपऱ्यात बसले. चैत्र आठ दिवसांवर होता. मुसळे सर मैदानाच्या कडेनं फिरताना दिसत होते. मधूनच थांबून माती हुंगत होते.

फाल्गुन वद्य एकादशीला घुबडांची यादी आली. साखळी जिंकली म्हणून खारी यादीत होत्या, सोळाव्या क्रमांकावर. दर्जांकामुळं मुंगसंही होती, नवव्या क्रमांकावर.

खारींचे शिक्षक वाटेत भेटले. "काय हो काटे, आम्ही तुम्हाला हरवलं, आणि तुम्ही आमच्या वर?"

"तुम्ही कुणाला हरवलं, याला महत्त्व असतं," काटे सर म्हणाले. "तुम्ही आम्हाला हरवलंत. आम्ही मगरींना."

मुसळे सरांनी आमंत्रण चौकटीत लावून घेतलं आणि मैदानाकडची खिडकी बंद केली. मैदान वाचलं.

मुंगसांचा पहिला सामना वाघांशी ठरला, वाघांच्याच मैदानावर. काटे सर आनंदानं जवळजवळ फुलले. ते फुलले, की लोक जरा लांब सरकत. परकं मैदान, म्हणजे वेळ आपली. त्यांनी एकोणनव्वदावं पान काढलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं : वाघ, दुपारी दोन ते पाच, गाढ. ते पान घेऊन ते समितीकडं गेले. अध्यक्षीणबाई ढोलीत डुलक्या घेत होत्या.

"बाई, रिवाजाप्रमाणं वेळ आमची. दुपारी अडीच."

"महामेळ्यात वेळ समिती ठरवते, काटे."

"का बरं?"

"समितीला दिवसा दिसत नाही." त्यांनी एक डोळा अर्धा उघडला. "साडेसहा."

सर परत आले. तांबी मैदानावर एकटीच कवठ टाकत होती. आता ते दहातून पाचदा जात होतं. तिचं तीच शिकली होती.

"सर, वाघ कधी झोपतात?"

"दोन ते पाच."

"आणि सामना?"

"साडेसहाला."

"मग साडेसहाला वाघ काय करतात?"

काटे सरांनी पानं चाळली. एकशे बाराही चाळली. मग अडखळत म्हणाले, "जेवायला निघतात."

तांबीनं कवठ खाली ठेवलं. "म्हणजे आता खेळावं लागणार."

"हो."

"ते कसं खेळायचं, ते तेवढं सांगायचं राहिलं तुमचं, सर."

सरांनी कवठ उचललं. आयुष्यात पहिल्यांदाच ते टोपलीकडं फेकून पाहिलं. ते त्यांच्याच पाठीवर पडलं आणि तिथंच रुतून बसलं. तांबीनं ते काढलं, पुसलं आणि म्हणाली, "असू द्या. तीन दिवस आहेत. तुम्ही नुसतं उचलून द्या, मी टाकते."

तीन दिवस सर कवठ उचलून देत राहिले.

चैत्र शुद्ध चतुर्थीला, संध्याकाळी साडेसहाला सामना सुरू झाला. आभाळ निरभ्र होतं, वारा पडला होता. वाघ चौऱ्याण्णव, मुंगूस सहा. सहाही गुण तांबीचे. मुंगसं पाच गेली होती. चार त्याच संध्याकाळी परतली. पाचवं दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता परतलं.

तात्पर्य : प्रतिस्पर्धी नेहमी आपल्यापेक्षा बलवान निवडावा. फक्त त्या दिवशी तो तसा नसावा.