काका कधी गेले?

सरकारी कचेरीतलं काम कसं करावं, हे माझ्याकडून शिकावं! लोक म्हणे चपला झिजवतात. मी चपला पायात सरकवतो आणि काम घेऊनच परततो. त्यामुळे थोरल्या काकांच्या मृत्यूचा दाखला आणायचं निघालं, तेव्हा मीच छाती पुढे काढली.

दाखला हवाच होता. घर थोरल्या काकांच्या नावावर, त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली, आणि ते काकूच्या नावावर करून घ्यायची वेळ दुसऱ्याच दिवशीची. काकू एवढंच म्हणाली, "आता दारावर माझं नाव लागू दे रे."

"अर्ध्या तासात आणतो!" मी म्हणालो.

"अरे, पण ता..." धाकटे काका चहाच्या कपामागून काहीतरी पुटपुटले.

"काका, चिंता सोडा!" मी जिन्यातून ओरडलो.

खिडकीतल्या बाईंनी थोरल्या काकांचं नाव लिहून घेतलं. "तारीख?"

"साल सांगतो ना!"

"त्या साली फक्त तुमचेच काका वारले का?"

ते गेले तेव्हा मी नोकरीनिमित्त लांब होतो. तारीख कोणाला ठाऊक! पण डगमगेन तो मी कसला! तिथूनच घरी फोन लावला.

"काकू, काका कधी गेले?"

"काका? आत्ताच गेले की!"

"आत्ताच?"

"हो ना! चहा अर्धा टाकून गेले. मी म्हटलं, थांबा, एवढी कसली घाई! पण ऐकतील तर शपथ!"

धाकटे काका! बिचारे काहीतरी सांगू बघत होते आणि मी त्यांचं शेवटचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही! काकूचा आवाज इतका शांत, म्हणजे तिला धक्काच बसला असणार. मी मटकन बाकावर बसलो आणि चारचौघांत रडलो.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"माझे काका गेले हो!"

"ते कळलं. कधी?"

"आत्ताच!"

"मग सहा वर्षं काय करत होते?"

मी डोळे पुसत आत्याला फोन केला. आत्याला एकदा सांगितलं, की आणखी कोणाला सांगावं लागत नाही. फोन ठेवतोय, तोच खांद्यावर हात पडला.

"काय रे, तारीख न घेताच पळालास!"

मी असा किंचाळलो, की रांग मोडली!

"हे कोण?" बाई उठून उभ्या राहिल्या.

"माझे... गेलेले काका."

"ते गेलेले असोत नाहीतर आलेले, रांग सोडून आत घ्यायचे नाहीत!"

काका रांगेत उभे राहिले. त्यांनी तारीख सांगितली आणि दाखला हातात पडला. बघा, काम घेऊनच परतलो की नाही?

घरी पोचलो तर जिन्यापर्यंत चपलाच चपला. आत आत्या हंबरडा फोडत होती, "इतका गुणी भाऊ माझा! कधी उलट बोलला नाही!" काकू तिला पाणी पाजत पुन्हा पुन्हा विचारत होती, "अहो, पण झालंय काय?" मी आत धावणार, तेवढ्यात काकांनी माझी कॉलर धरली.

"थांब जरा. जन्मात पहिल्यांदाच चांगलं बोलतेय!"

पुढचं सांगण्यासारखं नाही. आत्या अजून माझा फोन उचलत नाही. आणि काकूने त्या दिवशी मला समोर बसवून बजावलं, "यापुढे या घरात नुसतं 'गेले' म्हणायचं नाही. कुठे गेले, ते आधी विचारायचं!"

दुसऱ्या दिवशी घराच्या कामासाठी काकूला कचेरीत नेलं आणि दाखला साहेबांच्या टेबलावर ठेवून मी ऐटीत मागे उभा राहिलो. साहेबांनी तो वाचला, शिक्का उचलला आणि सहज आदराने विचारलं, "आजी, यजमान कधी गेले?"

काकूने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि पदर सावरून ठणकावलं, "आधी सांगा, कुठे?"

साहेबांनी शिक्का खाली ठेवला.