श्रद्धांजलीच्या ठरावात कप्तानाचं नाव

मनुष्यप्राणी मरण पचवतो, महापूर पचवतो. पण एखाद्या गोष्टीचा शेवट त्याला न विचारता उरकला, तर ते काही त्याला पचत नाही.

'दूरतारा' ही विज्ञानमालिका सात वर्षं आणि सहाशे बारा भाग चालली. अंतराळात वाट चुकलेला कप्तान अश्विन घरी परतायला धडपडतो, एवढीच तिची गोष्ट. शेवटच्या भागात यान कुठंतरी टेकतं, कप्तान दार उघडतो, पांढराशुभ्र उजेड आत येतो आणि पाटी झळकते : समाप्त. तो घरी पोचला की देवाघरी, हे मालिकावाल्यांनी सांगितलंच नाही. इतर गावांतल्या लोकांनी यावर दोन दिवस चर्चा केली आणि दुसरी मालिका लावली. कोल्हापुरात संस्था निघाली.

'दूरतारा शेवट निर्णय प्रेक्षक संस्था.' सभासद २१४. पैकी सगळे भाग पाहिलेले ६१, येताजाता पाहिलेले १३०, अजिबात न पाहिलेले २३. (या तेवीस जणांची मतं सर्वांत ठाम असल्यामुळे कार्यकारिणीत त्यांना प्राधान्य देण्यात आलं.) कप्तान घरी आला असं मानणारा तो 'आला' गट, त्याचे पुढारी संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह. कप्तान वारला असं मानणारा तो 'गेला' गट. त्याचे पुढारी उपाध्यक्ष बाळासो. हे सगळं स्वप्न होतं असं मानणारा तिसरा गटही आहे, पण तो सचिव जिनेंद्र यांच्या एका घरातच मावतो.

संस्थेचं काम अत्यंत शास्त्रीय पद्धतीनं चालतं, हे मुद्दाम नमूद केलं पाहिजे. 'गेला' गटाचं म्हणणं असं की पृथ्वीवरचा उजेड पिवळा असतो, पांढरा उजेड फक्त वरती. त्यावर 'आला' गटानं गगनबावड्याच्या धुक्याचा दाखला दिला. लगेच सहा जणांची पाहणी समिती गगनबावड्याला रवाना झाली आणि तिनं भर धुक्यात जीपचं दार एकूण चाळीस वेळा उघडलं. अहवाल असा : उजेड पांढरा दिसला, तीन मतं; काहीच दिसलं नाही, दोन; एक सदस्य घाटातल्या वळणांमुळे मत देण्याच्या स्थितीत नव्हते. कागल पंचतारांकित एमआयडीसीत फोरमन असलेल्या विश्वजित यांनी यानाच्या बिजागरीचा अभ्यास करून ते दार बाहेरच्या बाजूला उघडत असल्याचं सिद्ध केलं. यावरून नेमकं काय सिद्ध होतं, हे दोन्ही गटांनी आपापल्या सोयीनं लिहून घेतलं.

पुढं 'आला' गटानं हलगी लावून कप्तानाच्या स्वागताची मिरवणूक काढली. त्याच आठवड्यात बाळासोंनी कप्तानाचं तेरावं घातलं. दीडशे पानं उठली. (मिरवणुकीतले बरेच लोक जेवायलाही होते. भूक ही पक्षातीत आहे.)

इथवर सगळं लोकशाहीला धरून होतं. अडचण एवढीच होती की अमरसिंहांची मुलगी संयोगिता आणि बाळासोंचा मुलगा राजवर्धन यांचं लग्न ठरलं होतं, आणि ते आता मोडायला आलं होतं.

"जित्या माणसाचं तेरावं घालणाऱ्या घरात मी पोरगी देणार न्हाय," अमरसिंह म्हणाले.

"मेलेल्या माणसापुढं हलगी वाजवणाऱ्यांची पोरगी मला तरी कुठं पायजे हाय?" बाळासोंनी निरोप पाठवला.

संयोगिता आणि राजवर्धन यांचं शेवटाबद्दलचं मत कुणी विचारलं नाही. ते दोघं मालिका लागायच्या वेळी एकमेकांना फोन करत असत, त्यामुळं त्यांना मत नव्हतं.

याहून मोठं नुकसान निराळंच होतं आणि ते सांगताना जीव तुटतो. पेठेतल्या विठ्ठल मंदिरात दर रविवारी दत्तूबुवा हळदीकरांचं कीर्तन असतं. एकोणीस वर्षं त्यांच्या साथीला पेटीवर अमरसिंह आणि तबल्यावर बाळासो. या दोघांची साथ म्हणजे एका ताटात जेवणं. मालिका संपली आणि गेले चार महिने दोघं एकमेकांकडं पाठ करून बसू लागले. पेटी समेवर पोचायची, तेव्हा तबला दोन मात्रा पुढं जाऊन तिची वाट बघत बसलेला असायचा. बुवा बिचारे दोघांच्या मधे अभंग सावरत उभे.

अशा परिस्थितीत संस्थेची पहिली सर्वसाधारण सभा त्याच मंदिराच्या सभामंडपात, रविवारी दुपारी तीन वाजता भरली. पाचला कीर्तन असल्यामुळे साडेचारला मंडप रिकामा करायचा होता. विषयपत्रिकेवर अकरा विषय होते. सभा पहिल्यावरच अडकली.

आपल्याकडं कुठल्याही सभेचा पहिला विषय श्रद्धांजलीचा असतो. वर्षभरात दिवंगत झालेले थोर पुरुष, जवान, कलावंत, सभासद आणि ज्ञात-अज्ञात व्यक्ती यांना सभा उभं राहून आदरांजली वाहते. बाळासो उठले.

"त्यात कप्तान अश्विनचं नाव घाला."

"जित्या माणसाला श्रद्धांजली?" अमरसिंह व्यासपीठावरून गरजले. "उद्या माझं नाव घालशीला!"

"तुमचं बी घालू की, घाई काय हाय?"

सचिव जिनेंद्र यांनी मध्यम मार्ग सुचवला. "आपण असं करू या, त्यांना 'अज्ञात'मध्ये धरू या."

"सात वरसं घरात येणारा माणूस अज्ञात व्हय?" बाळासो म्हणाले. "जेवताना समोर असायचा वो."

अखेर ठराव मताला टाकला. 'गेला' गट मौनासाठी उभा राहिला. 'आला' गट निषेध म्हणून बसून राहिला. दोन मिनिटांचं मौन अकरा मिनिटं चाललं आणि त्यात सुमारे ऐंशी लोक एकाच वेळी बोलत होते. मग 'गेला' गटानं बाहेर पटांगणात समांतर सभा भरवली. आत 'मंजूर, मंजूर'चा घोष झाला आणि कप्तान परतला. बाहेर 'मंजूर, मंजूर'चा घोष झाला आणि कप्तान वारला. इतकी समाधानकारक सभा जिल्ह्यात क्वचितच झाली असेल.

त्या गडबडीत बुवा येऊन ओसरीवर चहा घेत बसले होते. संयोगिता त्यांच्याजवळ गेली.

"बुवा, तुम्ही तरी बाबांना सांगा की. लग्न मोडायलंय माझं."

"काय सांगू पोरी? मी ती मालिका बघितलेली न्हाय."

"मी सांगते."

तिला तरी कुठं सगळी ठाऊक होती? पण घरात चार महिने दुसरा विषय नव्हता. चहा संपेपर्यंत तिनं सहाशे बारा भाग सांगून टाकले. (खरं तर बशीतच संपले असते, मधे कुणीतरी बुवांच्या पाया पडायला आलं.)

बरोबर पाचला बुवा वीणा घेऊन उभे राहिले. दोन्ही सभांतले लोक येऊन बसले, कारण भांडण निराळं आणि कीर्तन निराळं. पूर्वरंगात त्यांनी घराची ओढ या विषयावर निरूपण केलं. उत्तररंगाला उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, आजचं आख्यान कप्तान अश्विनाचं."

मंडपात टाचणी पडली असती तर तिलाही एखाद्या गटात जावं लागलं असतं, अशी शांतता पसरली.

बुवांनी यान सोडलं, ग्रह सोडले, पांढरा-पिवळा उजेड सोडला. त्यांनी धरली ती कप्तानाची आई. सात वर्षं रोज लेकाचं ताट वाढणारी, आणि रोज ते झाकून ठेवणारी. तिच्या तोंडी त्यांनी अशी ओवी घातली की फोरमन विश्वजितसुद्धा उपरण्यात तोंड लपवून बसले. आवाज चढत गेला. यान टेकलं. कप्तानानं दाराला हात लावला. "उघडऽऽलं दाऽऽर..." म्हणत बुवांनी तान घेतली, फिरवली, आणि हात वर करून समेवर सोडली.

पेटी आणि तबला एका क्षणी, एका जागी, एकत्र आले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"व्वा, इवाय!" बाळासोंच्या तोंडून निघून गेलं.

आमच्याकडं व्याह्याला इवाय म्हणतात. चारशे लोकांनी ऐकलं. बाळासोंचा हात तबल्यावर तसाच राहिला. सगळे अमरसिंहांकडं बघू लागले. अमरसिंहांनी भाता दाबून धरला आणि खाली बघत म्हणाले, "तबला जरा उतरलाय, इवाय."

तेवढ्यात बाळासोंच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री शालूबाई बायकांतून उठल्या. "बोलला! दोघं बी बोलली! देवाच्या दारात बोलल्यात, आता माघार न्हाय," असं ओरडत त्यांनी प्रसादाच्या ताटातली मूठभर खडीसाखर उचलली आणि संयोगितेच्या ओंजळीत घातली. "झाला साखरपुडा. बुवा, म्हणा पुढं."

पण बुवांना पुढं म्हणायचं काहीच नव्हतं. त्यांनी आख्यान दारातच सोडलं आणि आरती धरली. दारापलीकडं काय होतं, हे एकानंही विचारलं नाही. सगळे प्रसाद घेऊन घरी गेले. पुढच्या महिन्यात लग्न झालं. बुवांनी मंगलाष्टकं म्हटली.

आता हे वाचून आपल्या मनात काही शंका आल्या असतील. चार महिन्यांचं वैर एका शब्दावर मिटतं होय? बाळासो खरंच चुकून बोलले, की घरून ठरवून आले होते? शालूबाईंना खडीसाखर आयतीच कशी मिळाली? शेवट जरा घाईत गुंडाळला, असं वाटत नाही का?

वाटत असल्यास संस्थेची सभासद नोंदणी सुरू आहे. अर्जात एकच रकाना भरायचा आहे : 'लग्न झालं की नाही झालं?' मी त्या पंगतीत बसून बासुंदीच्या दोन वाट्या संपवल्या आहेत. पण हा पुरावा आपण ग्राह्य धरणार नाही, याची संस्थेला कल्पना आहे.