अल्ताफनं धाडलेली दोन ट्रफलं

गावच्या फारुखनं सुट्टीवर येताना दुबईहून आणलेली काचेची बरणी जमिलाबीनं कपाटात ठेवली, त्याला तीन दिवस झाले होते. बरणीत तांदूळ आणि तांदळात दोन ओबडधोबड ट्रफलं. झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली वाढणारी ही आळंबी तिच्या पोराला, तिथल्या हॉटेलात स्वयंपाकघरात राबणाऱ्या अल्ताफला, मोठ्या आचाऱ्यानं, त्याच्या उस्तादानं, खूश होऊन दिली होती. त्यानं ती जशीच्या तशी कळंबला अम्मीकडं धाडली.

"काळं हाय ते साध्या जातीचं, वास बेताचा," तो फोनवर म्हणाला होता. "पांढरट हाय ते अस्सल. ते शिजवायचं न्हाय, गरम अंड्यावर नुसतं किसायचं. शुक्रवारी मला सुट्टी हाय. व्हिडिओवर सांगतो, तसं करा. संगं जेवल्यागत हुईल."

तीन वर्षं पोरगा घरी आला नव्हता. जमिलाबी शुक्रवारची वाट बघत दिवस मोजत होती.

गुरुवारी सकाळी अल्ताफचे अब्बा दादामियाँ नाकानं हुंगतच उठले. "गॅस गळतोय." त्यांनी सिलिंडर अंगणात नेऊन ठेवला आणि चहाविना बसून राहिले. वास तसाच. शेजारच्या धुरपदाबाईंनी दारातूनच निदान केलं, "उंदीर मेलाय कपाटात." मग अख्खं कपाट रिकामं झालं, आणि बरणी उघडताच तिघांनीही नाकं दाबली.

"नासलं वाटतं वो," जमिलाबी बरणीत डोकावत म्हणाली.

"ऊन दावा की जरा," धुरपदाबाई म्हणाल्या. डाळीला कीड लागो, पापड सादळो, गादीला कुबट वास येवो, या दोघींचा इलाज एकच. जमिलाबीनं ट्रफलं सुपात घालून अंगणात ठेवली आणि कपाट लावायला आत गेली.

बाहेर आली तेव्हा दादामियाँची उस्मानाबादी शेळी सुपापाशी उभी होती. काळं तिनं हुंगून बाजूला सारलं होतं आणि अस्सल तेवढं चघळत होती. दादामियाँनी धावत जाऊन तिचा जबडा उघडला.

"गेलं," ते म्हणाले. मग राहवेना म्हणून पुढं म्हणाले, "पण पारख हाय जनावराला."

शुक्रवारी अल्ताफ पडद्यावर आला. वाळला होता. जमिलाबीनं काळं ट्रफल अंड्यावर किसलं, घास घेतला आणि "लई झकास" म्हणाली.

"अम्मी, हे तर साधं. पांढरं कुठं हाय?"

खोटं तिला कधी जमलंच नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं.

"तू तर रोजच खात असशील की," ती चाचरत म्हणाली.

"न्हाय अम्मी. तीन वर्षं लोकांच्या ताटावर किसतोय. आमाला चाखायला मिळत न्हाय. म्हणून म्हणलं, तुमी खा आन मला सांगा, कसं लागतं ते."

जमिलाबीचे डोळे भरून आले. दादामियाँनी तिच्या हातातून फोन घेतला, अंगणात गेले आणि तो शेळीच्या तोंडापुढं धरला.

"आपल्या घरात हिलाच म्हाइत हाय," ते म्हणाले. "पण फोनवर बोलायची न्हाय ती. तुलाच यावं लागंल."